रापण आणि तिच्यानंतरचा दर्या

घाटावरच्या माणसाला रापण समजावून सांगायची तर शेतातलं उदाहरण द्यावं लागतं. नांगर एकट्याचा असतो, मोट एकट्याची असते, पण इर्जिक साऱ्या गावाची. रापण ही दर्यातली इर्जिक. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. अर्धा-पाऊण किलोमीटर लांबीचं जाळं होडीत भरायचं, एका टोकाचा दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात ठेवायचा, होडी वल्हवत दर्यात न्यायची, जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळ घालायचं आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन लांब दुसरीकडं किनाऱ्याला लागायचं. मग दोन्हीकडं वीस-वीस, तीस-तीस माणसं दोर ओढायला लागतात. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात, अर्धवर्तुळ आवळत जातं आणि शेवटी जाळ्याचा मधला, दाट विणीचा भाग वाळूवर येतो. त्यात जे असेल ते त्या दिवसाचं. दोन-अडीच तास तर सहज जायचे, आणि एवढं करून कधी कधी जाळ्यात नुसतं शेवाळ आणि चार खेकडे.

मालवण, देवगड आणि वेंगुर्ला या पट्ट्यात प्रत्येक वाळूच्या किनाऱ्याला अशा रापणी होत्या. आमच्या वाडीत तीन. रापण कुणा एकाची नसे. आठ-दहा घरं मिळून जाळ्याचे तुकडे आणायची, प्रत्येक घराचा तुकडा जोडून एक जाळं व्हायचं. ज्याचे जेवढे तुकडे तेवढा त्याचा वाटा. होडीचा वाटा वेगळा, वल्हवणाऱ्यांचा वेगळा, दोर ओढणाऱ्यांचा वेगळा, तांडेलाचा थोडा जास्त. ग्रामदेवतेचा वाटा आधी काढायचा. मग घरातला कर्ता गेलेल्या बायकांचा. त्या दोराला हात लावायच्या, मासे निवडायला बसायच्या आणि टोपलीत वाटा घेऊन जायच्या. कुणी त्याला दान म्हणत नसे, तो हिशेबातलाच भाग होता. आम्ही शाळेची पोरं दोराच्या शेवटच्या टोकाला लोंबकळायचो, ओढण्यापेक्षा अडथळाच जास्त करायचो, तरी प्रत्येकाला चार बांगडे मिळायचेच. ते नारळीच्या पातीत ओवून घरी न्यायचे. त्या चार बांगड्यांचा जो रुबाब होता तो पुढं नोकरीच्या पहिल्या पगारालाही आला नाही.

गणेशचतुर्थीच्या पुढं-मागं, पाणी निवळलं की मोसम सुरू व्हायचा. एक म्हातारा सड्याच्या कड्यावर बसून असे. त्याचं काम फक्त पाणी बघणं. पाण्यात तांबूस-काळसर डाग सरकताना दिसला, वर पाखरं घिरट्या घालायला लागली, की तो पंचा फिरवायचा आणि खाली वाडीत आरडाओरडा व्हायचा: "धावा रे, बांगडो इलो!" निम्मी जेवणं ताटात राहायची. त्या म्हाताऱ्याला लांबून बांगड्याचा थवा आणि तारलीचा थवा यातला फरक कळायचा. कसा, विचारलं तर म्हणायचा, "गाय आणि म्हस तुका कशी कळता?"

हे सगळं किती जुनं आहे याला कागदोपत्री आधारही आहे. मुंबई सरकारनं १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर छापलं. त्यात या किनाऱ्यावरच्या माशांची नावानिशी लांबच लांब यादी आहे. ती वाचताना मला आमच्या आवशीच्या चुलीवरची सगळी कढी-तिखलं आठवली. इंग्रज अधिकाऱ्यानं माणसांबद्दल जे लिहिलंय ते सोडून द्या, त्यात बराच तिरकेपणा आहे. पण माशांबद्दल तो प्रामाणिक होता. त्या यादीतलं निम्मं आजच्या पोरांना ओळखता येणार नाही. पुस्तकात नाव आहे, बाजारात मासा नाही.

पूर्वीचं सगळं सोन्याचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मासा उदंड यायचा तेव्हा त्याची धूळधाण आम्हीच करायचो. तारली इतकी पडायची की खाऊन, वाळवून, खारवूनही उरायची. मग ती नारळीच्या आळ्यात खत म्हणून पुरायची. आमच्या परसातले माड तारलीवर पोसले होते, आणि त्या दिवसांत वाडीत जो वास सुटायचा तो घाटावरच्या पाहुण्याला दोन दिवस जेवू द्यायचा नाही. खारवायला मीठ लागायचं. बांगडे चिरून, मीठ भरून, खारे करून ते घाट चढून कोल्हापूर-बेळगावच्या बाजाराला जायचे आणि येताना मिरची, गूळ, कडधान्य यायचं. मिठावर कर होता तेव्हा त्याचा चिमटा शेतकऱ्याइतकाच रापणकरालाही बसायचा. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरात सत्याग्रह झाला त्याची गोष्ट आमच्याकडे म्हणूनच घरातली असल्यासारखी सांगतात. आणि रापणकर गरीब होता. पावसाळ्यात सावकाराकडून उचल घ्यायची, मोसमात मासा त्यालाच त्याच्या भावानं घालायचा, हे पिढ्यानपिढ्या चाललं. तेव्हा जुन्या दर्याची आठवण काढताना त्या सावकाराच्या वहीचीही काढलेली बरी.

मुद्दा एवढाच की त्या वेळच्या हावरटपणाला हाताची मर्यादा होती. सणाचं सूत घरी कातायचे, त्याचं जाळं विणायचे, ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते उकळून रंगवायचे म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नसे. तरीही चार दिवसांनी वाळवायचं, फाटलं की शिवायचं. दोर सुंभाचे. वरची भेंडं हलक्या लाकडाची, खाली दगड. असल्या जाळ्यानं किनाऱ्याजवळ आलेला मासा मिळायचा, न आलेल्या माशाच्या मागं जाता येत नव्हतं. वल्ह्यांनी किती लांब जाणार? पावसाचे तीन-साडेतीन महिने तर दर्या स्वतःच दार लावून घ्यायचा. नारळी पौर्णिमेला नारळ घातल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. मासा अंडी घालतो ते नेमके पावसाळ्याच्या आसपासचेच दिवस, हे आमच्या आज्याला कुणी शिकवलं नव्हतं. उधाणच इतकं असायचं की प्रश्नच येत नव्हता.

नायलॉन आला तो साधारण साठ-सत्तरच्या दशकात. त्याचं कौतुक आधी बायकांनी केलं, कारण सूत कातायचं आणि जाळं रंगवायचं काम त्यांच्या अंगावरून गेलं. नायलॉन कुजत नाही. हलका, पातळ, माशाला दिसत नाही. त्याच्या कुजत नाही या गुणाचं दुसरं टोक कळायला पुढं तीस वर्षं लागली. आज वादळात तुटून गेलेलं जाळं दर्यात तसंच तरंगत राहतं आणि वर्षानुवर्षं मासे, कासवं मारत राहतं, कुणी ओढायला नसताना. सणाचं जाळं तुटलं तर दोन-चार महिन्यांत संपून जायचं. माणूस गेल्यावरही त्याची रापण चालू राहावी, असा प्रकार.

मग इंजिन. याची सुरुवात आपल्याकडे नाही, केरळात झाली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळच्या नींदकराला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता, गरीब मच्छीमाराला चांगली होडी, इंजिन, बर्फ, दवाखाना द्यायचा. पण त्याच सुमाराला परदेशात, आधी अमेरिकेत आणि मग जपानात, कोळंबीला भाव आला. गोठवलेली कोळंबी डॉलर आणते म्हटल्यावर प्रकल्पाचं तोंड कोळंबीकडं वळलं आणि कोळंबी असते तळाला. तळ खरवडायला ट्रॉलर लागतो. तिथून तो किनाऱ्या-किनाऱ्यानं वर सरकत आला, कर्नाटक, गोवा, मग आमच्याकडे. सहकारी संस्थांची कर्जं होती, सरकारी अनुदानं होती, डिझेलवर सूट होती. दर्याशी ज्यांचा कधी संबंध नव्हता असे व्यापारी, वकील, पुढारीही मालक झाले.

ट्रॉलर काय करतो ते एकदा सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं ती फक्त मोठी होडी आहे. त्याच्यामागं पिशवीसारखं जाळं असतं. पिशवीचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना दोन जड फळ्या. बोट चालली की फळ्या पाण्याच्या जोरानं बाहेर फाकतात, तोंड आ वासतं आणि जाळं दर्याच्या तळावरून फरफटत जातं. तळाच्या चिखलात जे काही आहे ते सगळं आत, कोळंबी, माकूल, शिंपले, खेकडे, माशांची बोटभर पिल्लं, गवत, सगळं. शेत नांगरताना आपण उभं पीक नांगरत नाही. ट्रॉलर उभं पीक नांगरतो, आणि पेरणीची वाट न बघता उद्या पुन्हा तिथंच येतो. एक टोपली कोळंबी ठेवायची आणि बाकीच्या कित्येक टोपल्या परत पाण्यात फेकायच्या, मेलेल्या. पुढं त्या बारक्या मच्छीलाही गिऱ्हाईक मिळालं. कोंबड्यांच्या आणि तलावातल्या कोळंबीच्या खाद्यासाठी ती दळणारे कारखाने निघाले. त्यानंतर फेकणं थांबलं, पण पिल्लू पाण्यात सोडायचं कारणही संपलं.

गोव्यात याच्याविरुद्ध आधी उठाव झाला. तिथं आमच्या रापणकरांना रांपणकार म्हणतात. सत्तरच्या दशकात मथानी साल्ढाणा यांच्यासारखी शिकलेली माणसं त्यांच्यात उभी राहिली, मोर्चे निघाले, उपोषणं झाली. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचं पाणी हातानं मासे मारणाऱ्याला राखून ठेवा, एवढीच मागणी. १९८० साली गोव्याचा कायदा झाला. त्याच्या पाठोपाठ १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हाही वेगळा झाला, त्यामुळे आमच्याकडे लोकांना वाटलं की आता आपला जिल्हा, आपला कायदा. कायद्यात ट्रॉलरला किनाऱ्याजवळ बंदी होती, हद्द वावांत मोजलेली, कुठं पाच वाव पाण्यापर्यंत, कुठं दहा वाव. कागदावर मला तो कायदा आजही चांगला वाटतो. पण दर्यात वावांची रेघ कोण ओढणार? रात्री दोन वाजता पाच वावांत कुणाचं इंजिन वाजतंय हे आम्हाला अंथरुणात ऐकू यायचं. तक्रार करायला जावं तर कचेरीत साहेब म्हणायचे, बोटीचा नंबर सांगा. अंधारात, विझवलेल्या दिव्यांच्या बोटीचा नंबर! आमच्या वाडीनं अशा किती तक्रारी केल्या त्याच्या पोचपावत्या एका काकांनी शेवटपर्यंत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या.

पुढं कर्नाटकाच्या मलपी बंदराकडचे वेगवान ट्रॉलर आमच्या पाण्यात यायला लागले. चार-चार, दहा-दहाच्या टोळीनं यायचे. आमच्या होड्यांनी लावलेल्या जाळ्यांवरून ते गेले की जाळी कापली जायची. एका जाळ्याची किंमत म्हणजे एका घराचं वर्ष. त्यातून दर्यात मारामाऱ्या झाल्या, बोटी पकडून आणल्या गेल्या, पोरांवर केसेस झाल्या. त्या पोरांतली काही आता पन्नाशीला आली तरी तारखांना जातात.

पर्ससीनची गोष्ट निराळी. ते जाळं तळ खरवडत नाही. भिंतीसारखं उभं सोडायचं, थव्याला गोल घालायचा, आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी बटव्याची नाडी ओढावी तशी ओढायची. थवा बटव्यात. एका फेरीत जेवढा बांगडा आणि तारली निघते तेवढी आमच्या तीन रापणींना महिन्यात दिसत नसे. कर्नाटक-गोव्यात हे सत्तरच्या दशकातच आलं, आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूनं उशिरा. पण आल्यावर त्यानं नेमका रापणीचाच मासा घेतला. ट्रॉलर आमच्या पायाखालचं नेत होता, पर्ससीननं समोरचं नेलं. थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच बटव्यात. कड्यावरचा म्हातारा बसून राहायचा, पंचा गुडघ्यावर. त्याच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला असं घरातले म्हणायला लागले. त्यानं ते ऐकून घेतलं, आणि एके दिवशी मला म्हणाला, "दर्यो खय जातलो? तो थंयच असा. मासो येवक देत नाय."

लोक गप्प बसले नाहीत. मालवणात, वेंगुर्ल्यात श्रमिक मच्छीमारांची मोठमोठी आंदोलनं झाली. सरकारनं डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाचा आदेश निघाला: पर्ससीनला फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा, नवे परवाने नाहीत, असलेले हळूहळू कमी करायचे. तोवर दुसरं काहीतरी आलंच. बोटीवर जनरेटर बसवायचा, हजारो वॅटचे एलईडी दिवे पाण्यावर आणि पाण्याखाली सोडायचे. अंधाऱ्या रात्री मासा उजेडाकडं ओढला जातो, लहान-मोठा सगळा, आणि मग त्याला गोळा करायचं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर देशभर बंदी घातली. २०२१ साली राज्यानं आपल्या कायद्यातले दंड वाढवून लाखांच्या घरात नेले. तरी डिसेंबरातल्या अमावास्येला आमच्या सड्यावर उभं राहून पश्चिमेकडं बघा. क्षितिजावर शहर वसल्यासारखं वाटतं.

पावसाळी बंदीचंही तसंच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी आहे. नारळी पौर्णिमा येते ऑगस्टात. म्हणजे नारळ पडायच्या आधीच मोठ्या बोटी बाहेर. आमची माणसं वर्षानुवर्षं मागतायत की बंदी निदान १५ ऑगस्टपर्यंत करा. देवाचं नाव घेऊन मागतात म्हणून अधिकाऱ्यांना ती श्रद्धेची गोष्ट वाटते. ती माशाच्या बाळंतपणाची गोष्ट आहे.

एवढं सगळं झाल्यावर दोष फक्त बोटींना देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं होतं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत दर्या स्वतःच बदललाय हे आमच्यातल्या शहाण्या माणसांना आधी कळलं आणि पुस्तकांत नंतर आलं. पाणी तापतंय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलंय की १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगानं तापत गेला. ऐकायला हा आकडा काहीच नाही. अंगाला एक अंश ताप असेल तर आपण कामावर जातो. पण माशाला घर नाही, पंखा नाही, तो जातो तिथं जिथं पाणी सोसतं. वरचं पाणी तापलं की खालचं थंड, सकस पाणी वर येईना, आणि त्या सकस पाण्यावर वाढणारं डोळ्याला न दिसणारं हिरवं, जे तारलीचं अन्न, ते कमी होतं. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात ते सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटलं, असं याच शास्त्रज्ञांचं म्हणणं. गवत नाही तर गुरं कुठली?

केरळातल्या तारलीचं काय झालं बघा. तिथं तिला मत्ती म्हणतात, गरिबाचं रोजचं अन्न. २०१२ साली केरळात ती चार लाख टनांच्या आसपास मिळाली. २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं अतोनात मासेमारी आणि तापलेलं, बदललेलं पाणी अशी दोन्ही कारणं दिली. तीच तारली उत्तरेकडं सरकलीय असंही दिसलं होतं. मध्ये दोन-चार वर्षं आमच्याकडे, पार गुजरातपर्यंत, ती भरपूर मिळायला लागली. आमच्या पोरांना वाटलं जुने दिवस आले. एक जण कर्ज काढून जाळं घेऊन बसला. ते कर्ज अजून फिटतंय.

आणि जागा रिकामी झाली की तिथं कुणीतरी येऊन बसतंच. केंड नावाचा मासा पूर्वी जाळ्यात आला की पोरं त्याला फुगवून चेंडूसारखी खेळायची. विषारी म्हणून खात कुणी नाही. आता तो थव्यानं येतो. दात असे की नायलॉन सुरीनं कापावं तसं कापतो, जाळ्यातला माकूल आणि बांगडा खातो आणि जाळ्याला खिडक्या पाडून जातो. त्याला खाणारे मोठे मासे आपण काढून घेतले, मग तो माजणारच. तशीच झार. सूर्यास्ताच्या वेळी रापण ओढावी आणि आत नुसती लिबलिबीत झार, दोर ओढणाऱ्यांचे हात-पाय भाजून निघतात. ती ना विकता येते ना पुरता येते.

हिवाळ्यातल्या रात्री लाटांना निळा उजेड येतो. माझ्या लहानपणीही कधीमधी पाणी चमकायचं, पण आता चमकतं ते किनाराभर, आणि मुंबई-पुण्याहून लोक ते बघायला गाड्या करून येतात, मोबाइलवर फोटो काढतात. दिसतं सुंदरच, मी नाही म्हणणार नाही. तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव. दिवसा त्याचंच पाणी हिरवट दिसतं. अरबी समुद्रात तो गेल्या पंचवीसएक वर्षांत फार माजला, आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्याचं चांगलं चालतं, असं संशोधन सांगतं. मासा त्याला फारसा खात नाही, झार खाते. चुलतभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे ही रोशनाय झारीच्या लग्नाची!"

वादळांचं सांगायला नको. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या शेवटी एखादं वादळ नावाला यायचं आणि बहुतेक वेळा ओमानकडं निघून जायचं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं, तेव्हा बाहेर गेलेल्या कितीतरी बोटी परत आल्याच नाहीत. मग २०१९ ला क्यार, २०२० च्या ३ जूनला निसर्ग, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. मोसम आठ महिन्यांचा म्हणायचा आणि त्यातले निम्मे दिवस बावट्याखाली, होडी वर ओढून बसायचं.

मालवणच्या समुद्राचं १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. एकोणतीस चौरस किलोमीटर आणि थोडंसं वर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पोवळी आहेत, त्यांच्यासाठी. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, तो का हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. ज्या सरकारला पाच वावांतला ट्रॉलर दिसत नाही त्याला आमची होडी बरोबर दिसणार, ही भीती होती. ती खोटी होती असं मला वाटत नाही. पण पोवळ्यांचं भलं त्या भांडणात झालं नाही. पाणी तापल्या वर्षांत ती पांढरी पडल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय, आणि त्याच जागी आता पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बोटी नांगर टाकतात. त्या बोटी चालवणारी पोरं आमचीच, रापणकरांची नातवंडं. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. दर्यानं त्यांच्या आज्याला मासा दिला, बापाला कर्ज दिलं, यांना निदान रोख पैसे मिळतात. पोवळ्याचा तुकडा कुणी उचलला तर हीच पोरं गिऱ्हाइकाला खडसावतात, हेही मी बघितलंय.

काही बरंही घडलंय. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ती उकरून खाल्ली जायची, विकली जायची. आता तीच गावं घरटी राखतात, पिल्लं दर्यात सोडतात, आणि ती प्रथा खाली आमच्या जिल्ह्यातही आली. घरट्यातलं पिल्लू वाचतं. ते मोठं होऊन परत येईपर्यंत मधल्या पंधरा-वीस वर्षांत किती ट्रॉलरच्या पिशव्यांमधून निसटावं लागेल त्याला कुणी राखणदार नाही.

आमच्या वाडीतल्या तीन रापणींपैकी एक मोडली, तिचं जाळं तुकड्यातुकड्यानं विकलं. केळीच्या बागेला कुंपण म्हणून लावलेलं त्यातलं थोडं अजून दिसतं. दुसरी दोन घरांच्या भांडणात गेली. मासा होता तेव्हा भांडणं व्हायची आणि मिटायची, वाट्याला काही उरलंच नाही तेव्हा मिटेनात. तिसरी आहे. दोर ओढायला साठ माणसं लागतात आणि वाडीत धडधाकट साठ माणसं मोसमात राहत नाहीत, म्हणून नेपाळी आणि झारखंडची पोरं रोजावर आणतात. रोज दिला की वाटा उरत नाही. तरीही देवीचा वाटा काढतात. बायकांच्या वाट्याचं गेल्या वर्षी बैठकीत निघालं. एका म्हातारीनं विचारलं, "आमचो वाटो कधीपासून बंद केलो, तां तरी सांगा." तांडेलानं वही उघडली. २०१४ पर्यंत तिच्या नावापुढं टोपल्यांची नोंद होती, पुढं पानं कोरी. कुणी बंद केला नव्हता. रापणीला एवढं लागलंच नव्हतं की तिच्यापर्यंत पोचावं. मग असं ठरलं की या मोसमापासून मासा किती का येईना, तीन बायकांच्या नावानं तीन टोपल्या आधी बाजूला काढायच्या, देवीच्या वाट्यासोबत. पहिल्या ओढीला दोन टोपल्या पेडवे, थोडी खवळं, एक सरंगा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग आला. टोपल्या दोन आणि बायका तीन, म्हणून मासे वाळूवर ओतून पुन्हा सारखे वाटले. तांडेलाला त्या दिवशी वाटा नव्हता. त्यानं पिशव्या गोळा केल्या.